रेषा कोणी आखायच्या? मिशिगनचा नागरिक आयोग आणि इंदूरचे परिसीमन : एक प्रकरण अभ्यास

इंदूर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. २०२३ च्या निवडणुकीत त्यांपैकी इंदूर-५ मध्ये चार लाखांहून अधिक मतदार होते, तर राजवाड्याभोवतीचे जुने शहर ज्यात येते त्या इंदूर-३ मध्ये दोन लाखांहूनही कमी होते. दोन्हीकडून भोपाळला एकेकच आमदार जातो. म्हणजे जुन्या शहरातल्या मताचे वजन पूर्वेकडच्या वसाहतींतल्या मताच्या दुपटीहून जास्त भरते. यात कोणाचे कारस्थान नाही. आजच्या सीमा २००८ साली अमलात आल्या, त्या २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या आहेत, आणि मधल्या काळात शहर ज्या अंगाने वाढले त्या अंगाला मतदारही वाढत गेले. मात्र जागा आणि सीमा बदलायच्या नाहीत, अशी घटनेने घातलेली मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेशी बांधलेली आहे, आणि त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे. मतदारसंघांच्या रेषा पुन्हा आखाव्या लागणार, म्हणजेच परिसीमन होणार, हे ठरलेलेच आहे. त्या आखणारे हात कोणाचे असावेत, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा शहराच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींच्या अनौपचारिक अभ्यासगटात हा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रतिसाद असा होता की आपल्याकडे न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग असतो, तेव्हा काळजीचे कारण नाही. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी आम्ही अमेरिकेतील मिशिगन राज्याचे प्रकरण निवडले. तिथे सामान्य नागरिकांनी हे काम राजकारण्यांच्या हातून काढून घेतले, स्वतः केले, त्यात एक गंभीर चूक केली, आणि ती चूक न्यायालयात सिद्ध होऊन दुरुस्तही झाली. नागरिक आयोगाच्या बाजूने बोलणाऱ्याने या चुकीसह बोलावे, असे माझे मत आहे, आणि या लेखाचा भर त्यामुळेच तिच्यावर आहे.

मिशिगनमध्ये काय बिघडले होते

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा बदलतात, आणि बहुतेक राज्यांत त्या राज्याचे विधिमंडळच आखते. ज्यांना निवडून यायचे आहे त्यांनीच आपले मतदार निवडायचे, असा याचा सरळ अर्थ होतो. २०११ साली मिशिगनमध्ये दोन्ही सभागृहे आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होते, आणि नकाशाही त्यांनीच केला. पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या, निवडणुकीत राज्यभरात डेमोक्रॅट उमेदवारांना एकूण मते जास्त पडली, तरी १४ पैकी ९ जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. २०१८ मध्ये राज्याच्या कनिष्ठ सभागृहासाठीही असेच घडले : मते डेमोक्रॅटांना अधिक, जागा रिपब्लिकनांना ५८ आणि डेमोक्रॅटांना ५२. विरोधकांची मते काही मोजक्या मतदारसंघांत ठासून भरायची आणि उरलेली चहूकडे पातळ करून विखरायची, एवढ्या दोन युक्त्यांवर हे सारे चालते. २०१८ साली एका खटल्यातून बाहेर आलेल्या ईमेलमध्ये, नकाशा आखताना एका कर्मचाऱ्याने डेमोक्रॅट मतदारांना 'कचरा' म्हणत त्यांना आग्नेय मिशिगनमधल्या चार मतदारसंघांत कोंबण्याची भाषा वापरलेली सापडली.

हा एकाच पक्षाचा दोष नव्हे. मेरीलँडमध्ये हेच काम डेमोक्रॅटांनी केले होते. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँड ही दोन प्रकरणे एकत्रच आली, आणि पक्षहितासाठी केलेल्या सीमाआखणीचा निवाडा फेडरल (केंद्रीय) न्यायालये करू शकत नाहीत, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खालच्या न्यायालयाने मिशिगनचा जुना नकाशा घटनाबाह्य ठरवला होता; या निर्णयाने तो निकालही निष्प्रभ झाला. न्यायालयाचे दार बंद झाले, पण तोवर मिशिगनच्या मतदारांनी दुसरे दार उघडून ठेवलेले होते.

एका मजकुरापासून राज्यघटनेपर्यंत

नोव्हेंबर २०१६ मध्ये केटी फेही नावाच्या विशीतल्या तरुणीने फेसबुकवर लिहिले की मिशिगनमधली ही सीमांची लबाडी मला थांबवायची आहे, कोणाला सोबत यायचे असेल तर कळवा. त्यातून जी संघटना उभी राहिली तिने आधी मसुदा लिहिला नाही. ३३ दिवसांत ३३ ठिकाणी सभा घेऊन लोकांना काय हवे ते ऐकले, आणि मग घटनादुरुस्तीचा मसुदा केला. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. सह्या गोळा करण्यासाठी पैसे देऊन माणसे लावण्याची तिथली रूढ पद्धत त्यांनी वापरली नाही. प्रस्ताव मतपत्रिकेवर येऊ नये म्हणून झालेला दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव स्वीकारला. इतका मोठा कौल एका पक्षाच्या मतांवर मिळत नाही.

आपल्याकडे नागरिकांना घटनादुरुस्ती थेट मतदानाला लावता येत नाही, हा फरक मोठा आहे. त्यामुळे ही चळवळ जशीच्या तशी इथे उचलता येणार नाही. उचलण्याजोगी आहे ती आयोगाची घडण.

आयोगाची घडण

आयोगात तेरा सभासद : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाशी न जोडलेले. मागच्या सहा वर्षांत उमेदवार, लोकप्रतिनिधी, पक्षाचा पदाधिकारी, पगारी राजकीय सल्लागार किंवा लॉबीचे काम करणारा राहिलेला कोणीही चालत नाही, आणि अशा व्यक्तीचे आईवडील, मुले, जोडीदार हेही चालत नाहीत. नेमणुकीनंतर पाच वर्षे सभासदाला राज्यात पक्षीय निवडणुकीचे पद घेता येत नाही. अर्ज कोणीही करू शकतो. शिवाय अर्ज करण्याची ज्यांना सवय नसते त्यांच्यापर्यंत पोचावे म्हणून पहिल्या वेळी अडीच लाख मतदारांना, नावे यादृच्छिक काढून, टपालाने अर्ज पाठवले गेले. नऊ हजारांहून अधिक अर्ज आले. त्यांतून चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने दोनशे नावे निघाली, विधिमंडळातल्या चार पक्षनेत्यांना प्रत्येकी पाच नावे खोडण्याचा हक्क मिळाला, आणि उरलेल्यांतून पुन्हा सोडतीने ऑगस्ट २०२० मध्ये तेरा जण निवडले गेले. सभासदांना गव्हर्नरच्या वेतनाच्या किमान चौथ्या हिश्श्याइतके मानधन मिळते. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण मानधन नसते तर हे काम केवळ सवड असलेल्या, सुस्थितीतल्या लोकांकडे गेले असते.

नकाशा मंजूर व्हायला नुसते बहुमत पुरत नाही. दोन्ही पक्षांकडचे किमान दोन-दोन आणि अपक्षांपैकी किमान दोन सभासद बाजूने असावे लागतात. निकषांचा क्रम घटनेतच लिहिला आहे : समान लोकसंख्या आणि मतदान हक्काचा केंद्रीय कायदा, सलगता, समान हितसंबंध असलेले समूह, कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा नसणे, विद्यमान प्रतिनिधीला झुकते माप नसणे, शहर-तालुक्यांच्या हद्दी, आणि शेवटी आटोपशीर आकार. 'समान हितसंबंध' या निकषात पक्ष, प्रतिनिधी किंवा उमेदवार यांच्याशी असलेले नाते धरायचे नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. प्रत्येक नकाशासोबत कारणे देणारा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि विरोधात मत देणाऱ्या सभासदाला भिन्नमत अहवाल जोडता येतो.

डेट्रॉइट

कोविडमुळे जनगणनेचे आकडे वसंतात मिळायचे ते ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाले. सभासद जाहीर बैठकींत, पडद्यावर सर्वांना दिसेल अशा रीतीने एकेक रेषा सरकवत काम करीत. २८ डिसेंबर २०२१ रोजी तीन नकाशे मंजूर झाले. त्यांना झाडांची नावे दिली होती, काँग्रेसच्या नकाशाला चेस्टनट, राज्य सिनेटच्या (वरिष्ठ सभागृहाच्या) नकाशाला लिंडेन, कनिष्ठ सभागृहाच्या नकाशाला हिकरी.

गाडी घसरली ती डेट्रॉइट शहरात. ते प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे शहर. तिथले मतदार शहरातच एकवटले तर त्यांच्या मतांचा प्रभाव बाहेर पोचत नाही, असे आयोगाच्या तज्ज्ञ सल्लागारांनी सांगितले, आणि कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण प्रत्येक मतदारसंघात साधारण ३५ ते ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा सल्ला दिला. परिणामी शहरापासून उत्तरेच्या गोऱ्या उपनगरांपर्यंत लांबट पट्ट्यांसारखे मतदारसंघ आखले गेले. ऑक्टोबर २०२१ मधल्या डेट्रॉइटच्या जनसुनावणीत रहिवाशांनी अतिशय तीव्र शब्दांत सांगितले की यामुळे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीतच आमचे उमेदवार हरतील. आयोगाने ऐकले, पण नकाशाचा मूळ आराखडा बदलला नाही. त्याच महिन्यात वकिलांशी चर्चा करण्यासाठी सभासदांनी एक बंद दाराआडची बैठक घेतली. वृत्तपत्रांनी दावा केला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण आणि बहुतेक टिपणे खुली करायला लावली.

पुढे डेट्रॉइटच्या काही कृष्णवर्णीय मतदारांनी फेडरल न्यायालयात दावा लावला. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तेरा मतदारसंघ, सात कनिष्ठ सभागृहाचे आणि सहा सिनेटचे, रद्द ठरवले. कारण त्यांच्या सीमा आखताना वंशाचा विचार सर्वांत वरचढ होता. हा निष्कर्ष काढायला न्यायाधीशांना तर्कावर विसंबावे लागले नाही. सभासद आणि सल्लागार भर बैठकीत काय बोलले, कोणत्या रेषेला कोणती टक्केवारी जोडली, याची शब्दशः नोंद समोर होती, आणि निकालपत्रात तिचे उतारेच्या उतारे आले आहेत. आयोगाला पुन्हा संधी मिळाली. कनिष्ठ सभागृहाचा नवा नकाशा न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षीची निवडणूक त्यावर झाली; सिनेटचा सुधारित नकाशाही त्याच वर्षी तयार झाला.

या चुकीचा अर्थ काय लावायचा, यावर आमच्या गटात बराच काळ मतभेद राहिले. महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, मोजणीचे काम हे. ते चिठ्ठी काढून निवडलेल्या माणसाला कसं जमावं? तो तज्ज्ञाच्याच तोंडाकडे पाहणार ना?" आक्षेप खरा आहे, आणि डेट्रॉइटमध्ये घडलेही तसेच. परंतु इथे चूक तज्ज्ञांच्या सल्ल्यात होती, आणि बरोबर सांगत होते ते सुनावणीला आलेले रहिवासी. तेव्हा उपाय तज्ज्ञांच्या हाती आणखी अधिकार देण्यात नाही. रहिवाशांच्या आक्षेपाला लेखी, कारणांसह उत्तर देण्याची सक्ती आयोगावर असण्यात आहे. ती मिशिगनमध्येही पुरेशी नव्हती.

निकालांकडेही पाहावे. २०२२ मध्ये या नकाशांवर डेमोक्रॅटांनी सिनेट २०-१८ आणि कनिष्ठ सभागृह ५६-५४ असे जिंकले, जवळपास चार दशकांनी दोन्ही सभागृहे त्यांच्याकडे आली. २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृह ५८-५२ ने रिपब्लिकनांकडे परत गेले. वारा फिरला की सत्ता फिरते. याउलट कॅलिफोर्नियात राजकारण्यांनी २००१ मध्ये केलेल्या नकाशावर दहा वर्षांत काँग्रेसच्या ५३ जागांपैकी केवळ एकाच जागेने पक्ष बदलला होता. पुढे त्याच राज्याने २००८ आणि २०१० मध्ये मतदान घेऊन हे काम चौदा जणांच्या नागरिक आयोगाकडे दिले.

याच कॅलिफोर्नियाचा ताजा अनुभव नागरिक आयोगाच्या समर्थकांना अस्वस्थ करणारा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्यावरच रिपब्लिकनांना अनुकूल नवा नकाशा केला, त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये काँग्रेसपुरता आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून विधिमंडळाचा नकाशा २०३० पर्यंत स्वीकारला. एका राज्याने सचोटी पाळायची आणि शेजाऱ्याने नाही, अशी स्थिती असली तर सचोटीवर केवढा ताण येतो, हे यातून दिसते. यावरून आयोग निरुपयोगी ठरतो असे मला वाटत नाही. नियम सर्व राज्यांना एकच असावा, एवढे मात्र ठरते. आणि भारताची घडण या बाबतीत सरस आहे, कारण आपल्याकडे लोकसभा-विधानसभांचे परिसीमन संपूर्ण देशासाठी एका केंद्रीय कायद्याने होते.

आपल्याकडे काय आहे आणि काय नाही

२००२ च्या परिसीमन कायद्याखालील आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंह होते. सोबत निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. प्रत्येक मोठ्या राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सभासद म्हणून बसतात, त्यांना मताचा अधिकार नसतो. अंतिम आखणी राजकारण्यांच्या हाती नाही, ही आपली खरी कमाई आहे आणि ती जपली पाहिजे. पण टेबलाभोवती बसणारी बिगर-सरकारी माणसे कोण, तर दहाही राजकारणी. ज्याचे स्वतःचे क्षेत्र कापले जाणार तो आत, आणि ज्याची वस्ती कापली जाणार तो प्रस्ताव छापून आल्यावर बाहेरून हरकत नोंदवणार.

याचा परिणाम आपल्या शेजारच्या उज्जैनच्या प्रकरणात दिसतो. तिथले मेघराज कोठारी यांनी उज्जैनची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव करण्याच्या आदेशाला आव्हान दिले. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसिद्ध झालेल्या परिसीमन आदेशाला कायद्याचे बळ असते आणि तो न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही, नाहीतर कोणीही मतदार निवडणूक अडवून धरील. हे कारण समजण्यासारखे आहे. मात्र न्यायालयाचे दार बंद असेल तर आतल्या कामाची खिडकी अधिकच उघडी असायला हवी, आणि ती तशी नाही. जुलै २०२४ मध्ये गुजरातमधल्या बारडोली मतदारसंघाच्या आरक्षणाच्या प्रकरणात न्यायालयाने हे दार किंचित किलकिले केले : आदेश उघडउघड मनमानीचा आणि घटनामूल्यांशी विसंगत असेल तर तपासता येईल. उज्जैन आणि बारडोली, दोन्ही वाद आरक्षित जागेच्या निवडीवरून झाले, हा योगायोग मला वाटत नाही. अनुसूचित जातींच्या राखीव जागा लोकसंख्येचे प्रमाण पाहून, पण राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विभागून द्यायच्या असतात. या विभागणीत आयोगाला निवडीचा वाव मिळतो, आणि जिथे वाव आहे तिथे कारणे लिहिलीच पाहिजेत.

नगर निगमाच्या वॉर्डांची स्थिती याहून नाजूक आहे. मध्य प्रदेशात वॉर्डांची संख्या आणि हद्द ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाकडे आहे. २०१४ मध्ये आसपासची २९ गावे इंदूर निगमात आली आणि वॉर्ड ६९ चे ८५ झाले. प्रारूप निघते, दावे-हरकती मागवल्या जातात, ठरलेल्या मुदतीत त्या निकाली निघतात. पण माझी हरकत का नाकारली, हे सामान्य रहिवाशाला कळणे कठीण असते. महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांनाही हा अनुभव आहे. मुंबईचे प्रभाग एका सरकारने २२७ वरून २३६ केले आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच ते पुन्हा २२७ झाले. उलट केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या सीमांसाठी राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळा परिसीमन आयोग असतो. नागरिक त्यातही नाहीत, तरी काम मंत्रालयाच्या थेट हाताबाहेर आहे.

इंदूरच्या मराठी समाजाने या विषयात काय मागावे, यावरही गटात बोलणे झाले. जुन्या शहरातल्या आणि पश्चिमेकडच्या वसाहतींतल्या मराठी घरांचा एक वॉर्ड व्हावा, असा विचार कोणाच्या मनात येऊ शकतो. मला तो साफ अमान्य आहे. डोकी मोजून ओळखीच्या आधारे रेषा ओढली की काय होते, ते डेट्रॉइटने दाखवले आहे. आयोगासमोर जाऊन सांगण्यासारखे आहे ते हे की कान्ह नदीकाठच्या अमुक वस्त्यांत एकाच पावसात पाणी शिरते, म्हणून त्यांचा पार्षद (नगरसेवक) एक असावा. अमुक कॉलनीची मुले अमुक शाळेत जातात, बाजार एक आहे, म्हणून मधून रेषा नेऊ नये. हे सांगणारा मराठी असो, माळवी असो की सिंधी, नोंदीत त्याचे मोल सारखेच राहील.

मागणी दोन पातळ्यांवर करायची, असे आम्ही ठरवले. वॉर्डांसाठी राज्याच्या कायद्यात बदल : राज्य निवडणूक आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली आयोग, त्याचे निम्मे सभासद मतदार यादीतून सोडतीने, पक्षांचे पदाधिकारी, आजी-माजी पार्षद आणि त्यांचे जवळचे नातेवाईक वगळून, योग्य मानधन देऊन, प्रत्येक प्रारूपासोबत वस्तीनिहाय लोकसंख्येचा तक्ता आणि उघडा नकाशा. विधानसभा-लोकसभेसाठी मार्ग संसदेतून जातो. १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ अशा चारही वेळी संसदेने परिसीमनासाठी स्वतंत्र कायदा केला आहे. पुढचे विधेयक चर्चेला येईल तेव्हा सहयोगी सभासदांमध्ये लोकप्रतिनिधींइतकेच सोडतीने निवडलेले मतदार असावेत, आयोगाच्या सर्व बैठकींची शब्दशः नोंद प्रसिद्ध व्हावी, आणि प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर मिळावे, या तीन दुरुस्त्या आपल्या खासदारांनी मांडाव्यात, असे निवेदन आम्ही तयार करीत आहोत. त्याला मराठी आणि हिंदी अशा दोन्ही प्रती असतील, आणि सोबत डेट्रॉइटच्या निकालाचा सारांश जोडलेला असेल.